आक्कांच्या शेजारची जागा

औदुंबरच्या दत्ताचे गुरुवार मी लग्न झाल्यापासून धरत आले. पण ज्या वर्षी देवानं माझं मागणं ऐकलं, त्याच वर्षी माझं मन सगळ्यात काळं झालं होतं, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. उपास चालू होता, नावेतून नदीपलीकडे पादुकांना जाणं चालू होतं, आणि मनात मात्र एका बाईचा हेवा ठाण मांडून बसला होता.

लढाई संपली त्या हिवाळ्यात आमचे मालक ब्रह्मदेशाहून परतले. अंगावर एक जखम नव्हती. आमचं गाव भिलवडी स्टेशनापासून कोसभर, तेव्हा सातारा जिल्ह्यातच. स्टेशनावरून यांना वाजतगाजत आणलं. महिनाभरात दारू सुरू झाली. नुसती दारू असती तर मी निभावून नेलं असतं, पण आगगाडीची शिट्टी ऐकू आली की हे कणगीमागं जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसायचे. बोलणं तर संपलंच होतं. थोरल्या दिरांनी यांना पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरवलं. तिथं गेलेला एकही माणूस परत आलेला मी पाहिला नव्हता. मी दिरांचे पाय धरले, थोडे दिवस मागून घेतले. त्याच आठवड्यात यांच्या पलटणीतला एक जण सहज भेटायला आला आणि त्यानं सांगलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. दत्तानंच त्याला धाडला, असं मी तेव्हाही मानलं, आजही मानते.

आगगाडीत हे मुंडासं कानांवर ओढून माझ्या आडोशाला बसले; माधवनगरला उतरून टांग्यानं आम्ही सांगलीला गेलो. डॉक्टरांनी यांना तपासलं आणि मग मला म्हणाले, "दाखल करून घेणार नाही मी. पिण्याची ओढ घरात लागते, मग न पिता राहायलाही घरातच शिकलं पाहिजे. दर गुरुवारी घेऊन या." डोसाच्या खुणांची कागदी पट्टी लावलेली औषधाची बाटली त्यांनी दिली, पोटभर दूधभाकरी खायला सांगितलं, आणि आम्ही संध्याकाळी घरी आलो. इलाज म्हणतात तो एवढाच का, असं मला वाटलं.

दवाखान्याच्या सोप्यात एक लांब बाक होता. बाकाच्या टोकाला एक जैन विधवा औषधाच्या पुड्या बांधत बसलेली असायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. गोरी, शांत चेहऱ्याची. व्यसन सोडायला आलेले लोक डॉक्टरांचं बोलावणं येईपर्यंत तिच्या आसपास बसत. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी पाणी पिऊन सोप्यात आले, तर हे तिच्या शेजारी बसून बोलत होते. खाली मान घालून, हळू आवाजात, पण बोलत होते! मला पाहिलं आणि गप्प झाले.

त्यानंतर दर गुरुवारी तेच. दोन महिने यांनी दारूला हात लावला नाही. गाव माझ्या उपासांचं कौतुक करू लागलं आणि मी घरी येऊन चुलीपुढं रडायची. परत आल्यापासून जो माणूस माझ्याशी धड दोन वाक्यं बोलला नव्हता, तो त्या परक्या बाईपुढं मन मोकळं करत होता. तिनं काय केलं होतं? उपास मी केले, यांना सोडून ये म्हणणारं माहेर तोडलं मी, ओकाऱ्या काढल्या मी. एकदा न राहवून विचारलं, "आवं, त्या बाईसंगं येवढं काय बोलता?"

"काय न्हाई," म्हणाले आणि बैलांकडं निघून गेले.

त्या "काय न्हाई"नं मला पुरतं पोखरलं. हे बरे होत होते ते मला दिसेनाच, फक्त आक्का दिसायची. सांगलीला निघण्याआधी पहाटे पादुकांपुढं हात जोडून मी देवाशी भांडायची, की नवस माझा आणि प्रसाद तिला कसा?

गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका बुधवारी मी यांना म्हटलं, "सांगलीसनं निरोप आलाय. उद्या दवाखाना बंद हाय." हे नुसते "बरं" म्हणाले. गुरुवारी सकाळपासून घरातून अंगणात, अंगणातून घरात नुसत्या येरझारा. दुपारी कुठं गेले कळलं नाही. दिवस मावळताना शेजारच्या गुऱ्हाळावरून गडी धावत आला. हे पिऊन तिथं गेले होते आणि रस उकळत असलेल्या काहिलीवर झोकांडी गेली होती. गुळव्यानं कंबरेला विळखा घालून मागं ओढलं, म्हणून जीव वाचला. उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला.

रात्रभर मी यांच्या उशाशी बसले. देवाचं नाव तोंडात येईना. सकाळी मी एकटीच गाडीत बसले. डॉक्टरांचे पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. पण डॉक्टर बाहेर गेले होते. सोप्यात फक्त आक्का. परत फिरावंसं वाटलं, तरी आत गेले. मी तिच्या शेजारी बसले आणि काय झालं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. तुझा मला हेवा वाटला, तू मरावीस असंसुद्धा एकदा मनात आलं, मी खोटं बोलले, माझ्यापायी त्यांचा हात भाजला. रडत रडत किती वेळ बोलले, देव जाणे. ती माझ्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. मी थांबले तेव्हा तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

आतून कंपाउंडर आला. तो म्हणाला, "बाई, आक्कांना ऐकू येत नाही. चार वर्षांपूर्वी तापात कान गेले."

मी विचारलं, "मग आमचे मालक..."

"त्यांनाही सांगितलंय. सगळ्यांनाच सांगतो. तरी बोलतात."

आक्का जरा मोठ्यानं, चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "काल तुझा मालक आला न्हाई. म्या त्याची जागा धरून ठेवली हुती." आणि मग, "लय दिवसांचं साठलं हुतं व्हय गं? च्या घेतीस?"

तो चहा पिताना मला कळलं की इतक्या वर्षांत मी देवापुढं काही ना काही मागतच उभी राहिले होते. काहीही न मागता मन रितं केलं ते या बाकावर, पहिल्यांदा.

डॉक्टर आले. सगळं ऐकूनही रागावले नाहीत. हाताला लावायला मलम दिलं आणि म्हणाले, "पाय घसरला म्हणून वाट संपत नाही. येत्या गुरुवारी पाठवा."

घरी येऊन मी यांना सगळं खरं सांगितलं. दवाखाना बंद नव्हता, हेही. यांनी भाजलेला हात मलम लावायला माझ्यापुढं धरला. मग म्हणाले, "तुला सांगितलं तर तू रडशील गं. तिला सांगितलं तर ती पुड्या बांधती."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या वाक्यानंही पुन्हा एकदा हेवा उठला. पण या वेळी मी त्याच्या मागं गेले नाही. गुरुवारी भाकरी बांधून दिली आणि यांना एकट्याला स्टेशनावर सोडून आले.

पुढं आणखी दोनदा यांचा तोल गेला. चार वर्षं गुरुवार चालले, आणि मग दारू सुटली ती सुटलीच. ब्रह्मदेशात यांनी काय पाहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी हट्ट धरला नाही. ते दत्ताच्या पायाशी ठेवून दिलं आणि तेव्हापासून माझी झोप परत आली.

एका वर्षी पितृपंधरवड्यात घरची पानं वाढून झाली होती. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "आनि एक पान वाढ," म्हणाले.

ब्रह्मदेशात मागं राहिलेल्या कुणाचं तरी ते पान, एवढं कळलं; कुणाचं, ते मी विचारलं नाही. घरच्या पानांच्या शेजारी पाट मांडला, वरणभातावर तूप जरा जास्तच वाढलं आणि यांच्याबरोबर हात जोडून उभी राहिले.