मयताची हजेरी

अकोल्याच्या एका मिडल स्कुलात मी मास्तर होतो, तेव्हा हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात एक वही बांधली. आठवी पास होऊन गेलेला प्रत्येक मुलगा हायस्कुलात टिकला का, मॅट्रिक झाला का, कॉलेजात पोहोचला का, हे तीत दरसाल लिहायचे. एका मुलाला एक ओळ. बाकीचे मास्तर हसले. पण मी पडलो हट्टी. दर श्रावणात हायस्कुलांना कार्डे टाकायचो, उत्तर न देणाऱ्याला दुसरे, मग तिसरे. बहुतेक ओळी नववीतच संपत. कोणी कापसाच्या जिनात कामाला लागे, कोणी वावरात. तिथे आडवी रेघ मारताना मला दर वेळी राग यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळायचे नाही.

बार्शीटाकळीकडच्या एका घरचा मुलगा होता. घरची भाजीपाल्याची बाग. गणितात असा तरबेज की फळ्यावरची माझी चूक तो हळूच बोट करून दाखवायचा. हा कॉलेजात जाणार, असे मी उघड म्हणत असे. आठवीचा निकाल लागला आणि आठवड्याच्या आत तो पटकीने गेला. मी मातीला गेलो होतो. चितेवर माझ्या हाताने गोवरी ठेवली.

वहीत त्याच्यापुढे ‘मयत’ लिहायला हात धजेना. ओळ कोरीच ठेवली. महिन्याभराने त्याचे वडील शाळेत आले. टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, पोराचा दाखला पाह्यजे होता.”

मला वाटले, आठवण म्हणून घरात ठेवायचा असेल. मी काही विचारले नाही. डोळे पुशीत दाखला लिहिला, हेडमास्तरांची सही आणून दिली. त्यावर मृत्यूची नोंद करायची राहून गेली.

पुढच्या श्रावणात अमरावतीच्या हायस्कुलातून कार्ड आले. आमच्या शाळेतून तिकडे गेलेल्या मुलांत त्याचे नाव होते. बापाचे नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच. नववी, हजेरी पूर्ण.

कारकुनाचा घोटाळा म्हणून मी कार्ड बाजूला ठेवले. दुसऱ्या वर्षी कळले की तो नापास होऊन पुन्हा नववीतच आहे. गणितात नापास! मेल्यावर गणित विसरला म्हणायचा, असे म्हणून मी मनाशी हसलो. त्यानंतर दहावी पास. मग अकरावीची मॅट्रिक. वहीतल्या इतर ओळी रेघ मारून बंद होत होत्या आणि जो जळताना मी पाहिला होता तोच तेवढा इयत्ता चढत होता. मला भीती वाटू लागली, ती भर दुपारी. वर्गात मुले पाढे म्हणत असायची, बाहेर ऊन रणरणत असायचे, आणि हजेरी घेताना एक ‘हजर’ जास्त आला असे वाटून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. कोणाला सांगणार? मास्तर भ्रमिष्ट झाला म्हणाले असते.

पाचव्या वर्षी तो कॉलेजात दाखल झाल्याचे कळले, आणि मी रजा टाकून अमरावतीची गाडी धरली.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहिलो. आत प्रोफेसर हजेरी घेत होते. ते नाव पुकारले गेले. मधल्या बाकावरून एक जण उठला, “प्रेझेंट सर” म्हणाला. तीच मान, तेच बाहेर आलेले कान, पाच वर्षांनी वाढलेले. मी दाराची चौकट धरली.

तास सुटल्यावर तो समोर आला तेव्हा भुवया वेगळ्या दिसल्या. मी कोण हे सांगताच त्याचे तोंड पांढरेफटक पडले. व्हरांड्याच्या टोकाला नेऊन त्याने सगळे सांगितले. तो धाकटा भाऊ.

“मी तवा गावच्या शाळेत सहावीत होतो, मास्तर. बाबा म्हणे, मोठा गेला का वावर धाकट्याच्या नावावर चढते, मंग त्याची शाळा कावून नाही चढणार? त्याची आठवी वाया कावून जाऊ द्याची? अकोल्यात त्याले सारे ओळखत, म्हून मले इकडं धाडलं. सुरवातीले काहीच समजे नाही. रात्रंदिवस घोकून राहिलो.”

“आणि घरी?”

“गावाले ठाऊक हाय, पण कोणी बोलत नाही. माय म्हणते, धाकटाच गेला. पितरपाटात ती माह्या नावानं पान वाढते. मी ओसरीत बसून राह्यतो.” मग त्याने माझा हात धरला. “तुमी कळवलं तं माहं नाव कटते, मास्तर. बाबाले धरून नेतीन.”

माझीही नोकरी गेली असती, हे लपवत नाही. पण खरे कारण ते नव्हते. सहावीतून उडी मारून हा पोरगा एकटा कॉलेजापर्यंत आला होता, आणि माझ्या वहीत त्याला एक ओळसुद्धा नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, “कोणाला कळवणार नाही. भावाच्या ओळीत लिहितो, कॉलेजात दाखल. पण तुझे नाव काय?”

तो घुटमळला. मग इकडेतिकडे पाहून हळूच सांगितले. घंटा झाली, नमस्कार करून तो वर्गाकडे निघाला. निदान एकदा तरी कोणीतरी त्याला त्याच्या नावाने बोलवावे, असे मला फार वाटले. मी मोठ्याने हाक मारली. व्हरांड्यात दुसरे कोणी नव्हते. तो चालत राहिला. पुन्हा मारली. तसाच चालत राहिला.

मग मी त्याच्या मेलेल्या भावाचे नाव घेतले.

“जी, मास्तर?” तो वळून म्हणाला.