पुढचं दार, मागचं दार

बंगळूरच्या बसमध्ये नवरा-बायकोनं एका दारातून चढायचं नाही, हे मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. बायका पुढच्या दारानं, पुरुष मागच्या. मी कोल्हापूरकडून आलेली, कन्नडचा गंध नाही. यांनी मला राजाजीनगरच्या स्टॉपवर पुढं चढवलं आणि स्वतः मागं गेले. मधे ही गर्दी. मी जीव मुठीत धरून उभी. हे मागं चढलेच नसतील तर? सारखी मान वळवून बघत होते आणि शेजारच्या बायका मला हसत होत्या.

पण यांची सोय पक्की होती. मागं दोघांची तिकिटं घ्यायचे आणि कंडक्टरला सांगायचे, "मुंदे ओब्बरु इद्दारे, होसबरु." पुढं एक जण आहे, नवीन आहे. मग आमचा स्टॉप आला की कंडक्टर शिट्टी मारून मागूनच ओरडायचा, "अक्का, इळीरी!" उतरा म्हणून. सगळी बस माझ्याकडं बघायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण माझा स्टॉप कधी चुकला नाही. पुढं मला कन्नड आलं, चांगलं भांडण्याइतकं आलं, तरी हे कंडक्टरला सांगायचे ते सांगायचेच.

आता बस विजेवरची. शिट्टी नाही, दारं आपोआप मिटतात, स्टॉपचं नाव यंत्रातली बाई सांगते. बायकांना प्रवास फुकट. मी कार्ड दाखवून माझं तिकीट घेते, हे स्वतःचं घेतात. कोण कुणाबरोबर आहे, हे कंडक्टरला कळायचं कारणच उरलं नाही. लोकांना हे सुख वाटतं. मला मात्र गेल्या वर्षापासून बस म्हटलं की धडकी भरते, कारण हे विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग आपली गल्ली, परवा तर लेकीचं नाव.

यांचे डॉक्टर बनशंकरीला, शेवटच्या स्टँडच्या दोन स्टॉप अलीकडं. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "अहो, माझ्याबरोबर पुढूनच चढा."

"बायकांच्यात? लाजबीज आहे की नाही?" म्हणाले आणि सवयीनं मागच्या दाराकडं गेले.

दर स्टॉपला मी वळून बघत होते. यांची टोपी दिसत होती. डॉक्टरांचा स्टॉप आला तशी मी हाक मारली, उतरले आणि मागच्या दाराकडं धावले. चार पुरुष उतरले, त्यात हे नव्हते. दारं मिटली आणि बस आवाज न करता निघाली. मी पत्रा बडवला, ओरडले. पूर्वी कुणीतरी 'होल्डॉन' म्हणून गाडी थांबवली असती. बंद काचांच्या आत कुणाला काय ऐकू जाणार? यांचा मोबाइल माझ्या पिशवीत. हरवतात म्हणून मीच काढून घेतला होता, मोठी शहाणी!

समोर आलेल्या ऑटोत बसले. "अण्णा, त्या बसच्या मागं घ्या." पहिल्याच सिग्नलला बस दिसेनाशी झाली. हे मधेच कुठं उतरले असतील तर? घर कुठं, असं कुणी विचारलं तर काय सांगतील? आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते.

बनशंकरीच्या स्टँडवर बस रिकामी उभी होती. हे आत, पुढच्या दाराशी, बायकांच्या रिकाम्या सीटांकडं बघत होते.

"तुमचे का हे?" कंडक्टर पोरगी कन्नडमध्ये म्हणाली. ती पार वैतागली होती. "उतरतच नाहीत. म्हणतात, पुढं माझी बायको आहे, नवीन आहे, ती उतरल्याशिवाय मी उतरणार नाही. दोनदा बघून आले, अशी कुणी मुलगी नव्हतीच."

यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखीची खूण नव्हती.

"तुम्ही बघितलीत का हो तिला?" मलाच विचारलं. "हिरवी साडी आहे. फार भित्री आहे."

"उतरली ती," मी म्हटलं. "स्टॉपवर तुमची वाट बघतीय. चला."

मी हात पुढं केला. परक्या बाईचा हात धरायला हे जरा लाजले, मग धरला.