पेरनेतचं कापड

दीजों शहरातल्या पेरनेतने बावीस वर्षं भाल्यांच्या खेळांसाठी कापड शिवलं. भाले रोखून समोरासमोर सुटलेले घोडेस्वार एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मैदानाच्या मधोमध ते दोरावर ताणलेलं असे, छातीइतकं उंच. एक स्वार अलीकडून दौडे, दुसरा पलीकडून. दवंडीवाला ओरडे, "स्वारहो, कापडापाशी या!" आणि गर्दीत उभ्या पेरनेतची मान ताठ होई.

त्या वर्षी ईस्टर झाल्यावर खेळांच्या कारभाऱ्याने सांगितलं की कापडात घोड्यांचे पाय अडकतात, यंदा फळ्यांची भिंत घालायची. पेरनेत मधली शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घालत असे, पाय अडकलाच तर कापड फाटावं, घोडा पडू नये म्हणून. हे विचारायला कुणी आलं नाही. काम मिळालं ओबेर सुताराला, आणि तो राहत होता तिच्या समोरच. त्याची करवत चालू झाली की पेरनेतची शिवण वाकडी जाई.

"काहीतरी जळतंय बाई इथं," शेजारीण गियोत दारातून म्हणाली. "रस्सा करपला की तू?"

"रस्साच. नाक आपल्या घरी ठेव."

खेळाच्या दिवशी ती गेली ती भिंत कोसळलेली पाहायलाच. भिंत जागची हलली नाही. पण दवंडीवाला ओरडला, "स्वारहो, कापडापाशी या!" कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, फळ्यांना सगळे कापडच म्हणत होते. ओबेरचं तोंड एवढंसं झालं. पेरनेतला कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

तिसऱ्या दौडीत एका स्वाराचा गुडघा फळीवर आदळला. त्याला उचलूनच न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ओबेर टोपी हातात घेऊन दारात उभा.

"पेरनेत, स्वारांच्या गुडघ्याच्या उंचीला जाड कापड ठोकायचं म्हणतोय कारभारी. हातभर रुंद पट्टा पुरे."

"लाकडाची ना रे तुझी भिंत?"

"लाकडाचीच! दहा दिवस हातोडा चालवला मी. आणि हे मेले कापड कापड करतात!"

"होईल शिवून," ती शांतपणे म्हणाली.

पुढच्या खेळाला तिने भिंत दोन्ही बाजूंनी वरपासून जमिनीपर्यंत मढवली. बोटभर लाकूडही दिसेना.

"अगं, माझी भिंत कुठं गेली?" ओबेर ओरडला.

"आहे की," पेरनेत म्हणाली, "आत."