वसंता पुण्याला गेला नव्हता

वसंता गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पायांत बूट घालत होतो. "भाऊजी, हे झोपेतच गेले... शांत होते," एवढंच त्या म्हणाल्या. सातपूरच्या कारखान्यात आम्ही दोघांनी एका खात्यात, शेजारशेजारच्या लेथवर उमेदीची सगळी वर्षं काढली. त्यामुळे शोकसभेत बोलायला मलाच उभं केलं. मी चांगलं बोललो. शेवटी म्हणालो, "वसंताची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख होती." लोकांनी माना डोलावल्या. वहिनी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. लोक पांगल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांची शेवटची वर्षं तुम्ही खोडूनच टाकलीत. वाईट नव्हती हो ती."

खरं होतं. वसंताला स्मृतिभ्रंश झाला होता आणि तो मी लपवला होता.

निवृत्तीनंतर कारखान्यातले आम्ही चौघंपाचजण रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फिरायचो. मोबाइलवर कुणीतरी या आजाराचा एक भीतीदायक व्हिडिओ पाठवला आणि आमच्या बाकावर दुसरा विषय उरला नाही. हार्टचं चालेल, कॅन्सरही चालेल, पण हे नको, असं जो तो म्हणायचा. मग मीच एक खेळ काढला. आदल्या रात्री घरी भाजी कोणती होती, ते प्रत्येकानं सांगायचं.

"भामरे, तू रोज बटाटाच सांगतोस!"

"रोज बटाटाच असतो रे, काय करू!"

वसंता अडखळायला लागला. पहिल्यांदा हसण्यावारी गेलं. पुढे त्याची पाळी आली की तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. एके दिवशी तो आलाच नाही, मग येईनासा झाला. सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मुलाकडे पुण्याला गेलाय, आता तिकडेच राहील." त्याची अब्रू राखली, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच सुमारास मलाही एकदा रात्रीची भाजी आठवली नव्हती आणि मी मेथी ठोकून दिली होती. त्याचं समजलं तर लोक माझ्याकडेही निरखून बघतील, ही खरी भीती.

काही महिन्यांनी पंचवटीच्या भाजीबाजारात भामरेला वहिनी भेटल्या. "पुण्याहून कधी आलात?" त्यानं विचारलं. वहिनी गोंधळून "कालच" म्हणाल्या आणि तिथून तडक माझ्या घरी आल्या.

"भाऊजी, आम्ही पुण्याला कधी गेलो?"

मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. "मला लाज नाही वाटत त्यांची," म्हणाल्या. "कुणी येत का नाही, म्हणून मी रोज वाट बघतेय. पण आता तुम्हाला खोटं कसं पाडू? तुम्हीच सांगा बाकीच्यांना." मी हो म्हणालो... आणि सांगितलं नाही. रोज दुपारी स्वतः मात्र त्याच्याकडे जायला लागलो.

त्या दुपारी मला मिळाल्या नसत्या तर माझं म्हातारपण कोरडं गेलं असतं. जन्मभर मला "लेका" म्हणणारा वसंता आता मला सुपरवायझर समजायचा. चहा पिऊन झाला की उभा राहून म्हणायचा, "साहेब, उद्या सुट्टी पाहिजे होती."

"कशाला?"

"बायकोला घेऊन नदीवर जायचंय."

"मंजूर!"

म्हटलं की त्याचा चेहरा असा फुलायचा! आतून वहिनी ओरडायच्या, "एवढ्या सुट्ट्या कामावर असताना घेतल्या असत्या तर!" तिघंही हसायचो. पत्ते खेळताना तो कुठलंही पान हुकूम म्हणून टाकायचा, आणि मी हरायचो. मला वाटायची तेवढी भीती त्या घरात नव्हती. त्रास होता, वहिनींची झोपमोड होती, तो कधी रडायचाही. पण घर सुरू होतं.

शोकसभेनंतरही बाकावरचे सगळे वसंता पुण्यातच गेला असं धरून होते; गेल्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. भामरे तडकला, "म्हणजे तो इथेच होता? मला सांगायला काय झालं होतं तुला? मी आलो असतो." मग हळू आवाजात म्हणाला, "आलो असतो का रे मी?"

आम्ही सगळे तसेच उठून वसंताकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं, सगळ्यांना बघून पदर सावरला आणि चहा टाकायला गेल्या. गॅलरीत वसंताची वेताची खुर्ची होती. दुपारी आम्ही आतल्या खोलीत बसायचो, तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. बाकीचे उभे राहिले. भामरे जाऊन तिच्यात बसला आणि बाहेर बघत म्हणाला, "अरे... इथून आपला ट्रॅक दिसतो."

"दिसतो ना," कपांचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी तिथेच बसायचे. तुम्ही लोक दिसलात की मला हाक मारायचे, 'अगं, आपली शिफ्ट सुटली बघ.'"