विसळून घेतलेलं ताट

मी नर्सबाईंवर खेकसलेच. म्हटलं, स्क्रीनवर बी पॉझिटिव्ह दिसतंय ना, मग बी पॉझिटिव्हच. हिंगोलीतल्या त्या छोट्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. आत माझी वहिनी बाळंत होऊन पडली होती, रक्त थांबत नव्हतं आणि भाऊ बी पॉझिटिव्हची चिठ्ठी घेऊन रक्तपेढीकडे निघाला होता.

नर्सबाई माझ्या आईच्या वयाच्या. भरतीच्या वेळी बाईच्या मनगटावर चिकटपट्टी लावून रक्तगट पेनानं लिहायची त्यांची जुनी खोड. मी त्यावर हसायचे. त्यांनी वहिनीचा हात उचलून दाखवला.

"ताई, हितं ओ हाय. म्या सोता रिपोट पाहून लिवलंय. तुमचं मशीन कोनाचं सांगून राहिलं?"

भावाला फोन लावला; मोटारसायकलवर होता, उचलेना. रक्तपेढीवाले जुळवून पाहतात, चुकीचं देणार नाहीत, हे ठाऊक होतं. पण तो हात हलवत परत येईपर्यंत वहिनीचं काय? सातव्यांदा त्यानं उचलला. अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला, डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा गेला.

तोवर मी बाकावर लॅपटॉप उघडला. सर्व्हर दर कामाला नवा थ्रेड, म्हणजे काम करणारा नवा गडी, उभा करत नाही. काही थ्रेड रिकामे बसवून ठेवतो, काम आलं की एकाला उठवतो, संपलं की तो परत रांगेत. परतताना आधीच्या पेशंटची माहिती पुसायची, असं मी लिहिलं होतं. पण काम मध्येच फसलं तर पुसायची ओळ यायचीच नाही! शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रक्तगट पोटात घेऊन तो थ्रेड तसाच बसला आणि वहिनीच्या वाट्याला आला. मला माझीच चीड आली.

रक्त आलं, चढलं. दुपार कलता कलता डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मग कुठं बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली आई माझ्याशी बोलली. काय चुकलं ते विचारलं. मी विहारातल्या भोजनदानाचं सांगितलं: ताटं कमी, माणसं जास्त, जेवणारा ताट धुऊन गठ्ठ्यात ठेवतो. एखादा अर्ध्यातून उठला आणि खरकटं ताट तसंच गठ्ठ्यात गेलं, असं झालं.

आई लगेच म्हणाली,

"मंग बसणाऱ्यानं इसळून घेऊ न्हाई का? धुतलेलं ताट बी आपुन इसळूनच घेतो. नळावर बसून तूच इसळायचीस की गं."

तेवढंच करायचं होतं. काम हातात घेण्याआधी एकदा पुसायचं. तिथंच बसून ती ओळ लिहिली.

आत गेले तर वहिनी झोपली होती, लेक कुशीत. मनगटावरचं ओ घामानं पुसट झालं होतं. मी नर्सबाईंकडून पेन मागून घेतलं आणि ते अक्षर पुन्हा गिरवलं.