तळाचा खरा पत्ता

"तुम्हाला ब्रुसेलोसिस झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कडेगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला दवाखान्याची गाडी उभी होती आणि मी आत बाकड्यावर बसले होते. ब्रुसेलोसिस म्हणजे शेळ्या-मेंढ्यांपासून माणसाला होणारा ताप. कच्च्या दुधातून येतो, नाहीतर अडलेल्या मेंढीचं कोकरू उघड्या हातानं ओढलं की येतो. मी जन्मभर दोन्ही केलंय. आमच्यात कोण करत नाही?

त्याआधी बरेच दिवस ताप यायचा, जायचा. घामानं घोंगडं भिजायचं आणि सकाळी कंबर उचलायची नाही. आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ऊसपट्ट्यात उतरतो, शेतकरी बोलावेल त्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो, पाऊस लागला की माघारी. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं काम बाईचं. बाईची कंबर गेली की तळ हलत नाही. मला मरणाची भीती वाटली नाही. लोळागोळा होऊन पडायची मात्र लय वाटली.

गाडी एका संस्थेची. शहरात त्यांची लॅब आहे. तिथं ऐपतवाल्यांच्या तपासण्यांतून जे पैसे सुटतात त्यावर आणि थोडं सरकारच्या मदतीवर या गाड्या आसपासच्या जिल्ह्यांत फिरतात. आमच्यासारख्यांना गोळ्या फुकट. माझा कोर्स, म्हणजे गोळ्यांचा पुरा फेरा, दीड महिन्याचा होता. पण एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या देतात, कारण ताप उतरला की माणूस उरलेल्या फेकून देतो.

"मध्ये खंड पडला तर रोग मणक्यात उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग चालणं अवघड."

गाडीवरच्या सिस्टरनं आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "पुढच्या आठवड्यात तळ कुठं असंल? मी गोळ्या घेऊन येते."

"उंब्रजच्या अंगाला," मालक म्हणाले. आणि आम्ही रहिमतपूरकडं गेलो.

आता याला काय म्हणावं? पण पुढचा तळ कुणाला सांगायचा नाही, हे आमच्यात अंगात मुरलेलं असतं. सांगितला की दुसरा आधी पोचतो आणि चारा संपवतो. म्हणून विचारणाऱ्याला उलटी दिशा दाखवायची. आपण खोटं बोललो असं मालकांना वाटलंसुद्धा नाही. सिस्टरचा फोन आला तेव्हा चुलतदीर बिरा शेजारीच बसला होता, त्याची मेंढरं वेगळी, म्हणून पुन्हा उंब्रजच सांगितलं. ती बिचारी तिकडं रानोरान हिंडली.

गोळ्या संपल्या. मी विचारायचे, हे "येत्याल की" म्हणायचे. मग ताप उलटला. याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात, म्हणजे गेलेला रोग परत येणं. आता मला उठून बसताही येईना. मालकांनी मग स्वतःच सिस्टरला फोन लावला. संस्थेच्या गाडीनं सांगलीला नेऊन एमआरआय काढला. म्हणजे मणक्याचा आतून फोटो. एका घरघरणाऱ्या नळकांड्यात निपचित पडायचं असतं, भिऊ नका, दुखत नाही. बाहेर बसून निकालाची वाट बघणं त्याहून वाईट.

"हाडाला अजून लागलेलं नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण कोर्स पहिल्यापासून. आता खंड चालणार नाही."

सिस्टर मालकांवर चिडली. "आवं दादा, मी काय तुमचा चारा खाणार हाय व्हय?"

कंबर ठणकत असतानाही मला हसू आलं.

परत तळावर आल्यावर त्यांनी बिऱ्यासमोरच सिस्टरला फोन केला. "परवा आमी रहिमतपूरच्या पुढं, नदीकडंच्या रानात. खरं सांगतोय." आम्ही पोचलो तर बिऱ्याची मेंढरं आधीच रानात शिरलेली, उसाचा पाला फस्त. मालकांनी त्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा तोंड उघडायचा नाही.

दुपारी गाडी आली. सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि पुढचा तळ विचारला. बिरा खोकल्याचं औषध घ्यायला तिथंच उभा. मालकांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सांगितलं. पुरा कोर्सभर सांगत राहिले. आमची मेंढरं वाळली, बिऱ्याची माजली.

ज्यांच्या घरात मेंढरं आहेत त्यांनी दूध उकळून प्या. मेंढी वीत असली तर हातमोजे घाला, संस्थेची गाडी देते. ताप उतरला तरी गोळी सोडू नका. आणि औषध आणणाऱ्याला खरं ठिकाण सांगा, चाऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं, गोळ्या बंद." मी त्यांना आणि सिस्टरला हात जोडले. मग मालकांकडं वळले. या माणसानं माझ्यापायी मेंढरं उपाशी ठेवली, आणि कधी शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी काहीतरी बोलायला लागले.

"लय बोलू नगंस," ते म्हणाले. "घोडं लाद."

मी वाकले, बिऱ्हाड उचललं आणि घोडं लादलं.