सासूबाईंच्या पिशवीतल्या ओंब्या

माझ्या सासूबाईंना ब्रिटनच्या पोलिसांच्या ताब्यात द्यायची वेळ आली होती, आणि खरं सांगते, क्षणभर मला ती कल्पना अगदीच वाईट वाटली नाही.

मी गव्हावर संशोधन करते. जनुकं बदललेला गहू, त्यामुळे शेताला उंच कुंपण, कॅमेरे आणि एक धिप्पाड सिक्युरिटीवाला. असल्या पिकांना विरोध म्हणून ती उपटून टाकणाऱ्या संघटना असतात. म्हणून रुजू होतानाच आम्हाला कायदा समजावला होता. काम बंद पाडायला कुणी मुद्दाम आत शिरलं, पिकाची नासधूस केली, तर सरळ गुन्हा. पाहुण्याने काही केलं तर जाब त्याला घेऊन येणाऱ्याला विचारणार. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

सासूबाई चिपळूणकडच्या, आमच्याकडे बेसिंगस्टोकला आल्या होत्या. डॉक्टरेट केलेली सून चिखल तुडवते हे त्यांना कधी पचलंच नाही. नातेवाइकांना सांगायच्या, "ती ऑफिसात असते." घरच्यांना शेत दाखवायचा दिवस आला तेव्हा नवरा म्हणाला, "आईला ने ना, बिचारी कंटाळलीय." बिचारी म्हणे!

बाहेर पडताना बूट धुवावे लागतात. मी ते धूत होते, तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने हाक मारली. सासूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीतून हिरव्यागार ओंब्या डोकावत होत्या.

"अहो आई, हे काय केलंत?"

"काय केलं? देवापुढे ठेवायला घेतल्या, दाराला बांधायला. नवं धान्य आधी देवाला नको?"

"जुलैत? दसऱ्याच्या आधीच?"

"इथलं पीक इथल्या वेळेला येणार. देवाला काय कॅलेंडर पाठवू?"

सिक्युरिटीवाल्याने विचारलं, या बाई कुठल्या संघटनेच्या आहेत का? मी मराठीत विचारलं. "हो तर! महिला मंडळाची अध्यक्ष आहे, सांग त्याला." मी सांगितलं, "नो."

मग त्याने विचारलं, आत मुद्दाम आल्या का? सासूबाई उसळल्या. "मुद्दाम नाही तर काय? विमानात पाय अवघडून एवढी आले ती कशाला? सुनेचं काम बघायला!" मी म्हटलं, "शी इज माय गेस्ट." एवढं लांबलचक उत्तर एवढंसं कसं झालं, म्हणून तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

त्याने माझ्या बॉसबाईंना बोलावलं. त्या आत जाऊन, ओंब्या खुडलेल्या गव्हाच्या ताटांकडे वाकून बघत राहिल्या. गेली नोकरी, मी मनात म्हटलं, आणि तीही ओंब्यांपायी!

"कडेची ओळ आहे," त्या म्हणाल्या. "ही नुसती आतल्या पिकाला आडोसा म्हणून. हिचं पीक आपण मोजत नाही." मग मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी यांना आणा, पण पिशवी नको." मात्र या गव्हाचा दाणाही बाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम. ओंब्या जाळाव्या लागणार होत्या.

हे सासूबाईंना सांगायचं माझ्या जिवावर आलं. आता तमाशा होणार, या तयारीनेच मी बोलले.

"जाळणार?" त्या म्हणाल्या. "मग बरंच झालं. अग्नीत पडलं म्हणजे देवाला पोचलं." आणि त्यांनी ती जुडी कपाळाला लावून दोन्ही हातांनी सिक्युरिटीवाल्याला दिली. त्या बापड्यानेही काही न कळता दोन्ही हातांनी घेतली.

परतताना गाडीत त्यांनी बहिणीला फोन लावला, अर्थात स्पीकरवर. "अगं, चार ओंब्या घेतल्या तर केवढा गहजब! पोलिसांपर्यंत जाणार होतं. तिच्या गव्हाला कायदा आहे, कायदा! आपल्या नारळांना साधं कुंपण नाही."

"पण ती ऑफिसात असते ना?" तिकडून मावशी.

"ऑफिसात? कोण म्हणालं?" सासूबाई तडकल्या. "शेत आहे माझ्या सुनेचं."

सिग्नल कधी हिरवा झाला मला दिसलंच नाही. डोळे भरून आले होते, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.